तोरण छत्तीस इंची, कर दोन थरांचा : अर्व्हाइनबद्दल वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीमधल्या अर्व्हाइन शहराविषयी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगा-सून तिथे घर बघत आहेत. एकाच किमतीच्या दोन घरांच्या वार्षिक करात काही हजार डॉलरचा फरक दिसतो. एजंट म्हणतो, ‘भाग वेगळा आहे.’ एवढंच कारण असेल का? (नाशिक)

उत्तर : एजंटचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे. बिलात दोन वेगळे थर असतात. पहिला मालमत्ता कर. 1978च्या ‘प्रपोझिशन 13’ या, मतदारांनी थेट मंजूर केलेल्या कायद्यानुसार त्याचा मूळ दर मूल्यांकनाच्या 1 टक्का. मूल्यांकन म्हणजे साधारणपणे खरेदीची किंमत, आणि ते वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढतं. मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा भार धरून दर 1.1 टक्क्याच्या आसपास जातो.

दुसरा थर ‘मेलो-रूस’. 1982च्या कायद्याने आलेली ही आकारणी. नव्या वसाहतीतले रस्ते, शाळा, उद्यानं कर्ज काढून बांधायची आणि ते कर्ज तिथल्याच घरमालकांकडून फेडून घ्यायचं. ती घराच्या किमतीवर बसत नाही. बहुधा चौरस फुटांवर किंवा घराच्या प्रकारावर ठरते, आणि पुष्कळ ठिकाणी दरवर्षी थोडी वाढतेही. 1982च्या आधी वसलेल्या भागांत ती सहसा नसते. ग्रेट पार्क (जुन्या लष्करी विमानतळाच्या जागेवरचं मोठं उद्यान) याच्या आसपासच्या नव्या वस्त्यांमध्ये असते.

हिशेबापुरते आकडे धरू. घर 15 लाख डॉलरचं, तर 1.1 टक्क्याने कर 16,500. मेलो-रूस 5,000 असेल तर एकूण 21,500, म्हणजे महिना जवळपास 1,790 डॉलर. यात सोसायटीची वर्गणी आलेली नाही. विक्रेत्याकडून दोनच गोष्टी लेखी घ्या : या वर्षीची रक्कम आणि ती कोणत्या साली संपते. तीन वर्षांत संपणारी आणि तीस वर्षं चालणारी आकारणी यांना एकाच तागडीत तोलू नका.

खरा धक्का मात्र नंतर बसतो. समजा आधीच्या मालकाचं मूल्यांकन 4 लाख होतं आणि तुमचं 15 लाख झालं. वाढलेल्या 11 लाखांवरचा फरक, वर्षाला 12,100 डॉलर, काउंटी वेगळ्या ‘सप्लिमेंटल’ बिलाने मागते. तिथलं करवर्ष जुलै ते जून. ऑक्टोबरात खरेदी झाली तर नोव्हेंबरपासूनच्या आठ महिन्यांचे साधारण 8,000 डॉलर. हे बिल बँकेकडे जात नाही, थेट घरी येतं. कर्जाच्या हप्त्यातून कर परस्पर भरला जातो या समजुतीत लोक पाकीट उघडत नाहीत आणि 10 टक्के दंड बसतो. नेहमीच्या बिलाचे दोन हप्ते लक्षात ठेवा : पहिला 10 डिसेंबरपर्यंत, दुसरा 10 एप्रिलपर्यंत. स्वतः राहणार असाल तर घरमालकाच्या सवलतीचा अर्ज 15 फेब्रुवारीच्या आत करा. मूल्यांकनातून 7,000 डॉलर वजा होतात, म्हणजे वाचतात सत्तरेक डॉलर. पण एकदाच अर्ज करून दरवर्षी वाचतात, मग का सोडायचे?

प्रश्न : नात पाच वर्षांची होतेय. पत्त्यात ‘अर्व्हाइन’ असलं की अर्व्हाइनच्याच शाळेत प्रवेश मिळतो ना? (कोल्हापूर)

उत्तर : नाही, आणि इथेच भाडेकरार करून मोकळे झालेले फसतात. तिथल्या सरकारी शाळा ‘शाळा-जिल्हे’ चालवतात आणि त्यांच्या हद्दी शहराच्या हद्दीशी जुळतातच असं नाही. शहराचा बराच भाग अर्व्हाइन युनिफाइड या शाळा-जिल्ह्यात आहे, पण काही वस्त्या शेजारच्या टस्टिन युनिफाइडमध्ये मोडतात. बेकमन हायस्कूल उभं अर्व्हाइनमध्ये आहे, जिल्हा मात्र टस्टिनचा. त्या शाळा कमी प्रतीच्या आहेत असं नव्हे, पण अमुकच शाळा हवी असेल तर करारावर सही करण्याआधी घराचा पूर्ण पत्ता जिल्ह्याच्या संकेतस्थळावर घालून बघा. जवळची शाळा भरलेली असली तर मुलीला जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेत पाठवू शकतात.

किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, 1 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. 2025-26पासून 1 सप्टेंबरला चार वर्षांची झालेली मुलं त्याआधीच्या ‘ट्रान्झिशनल किंडरगार्टन’ला जाऊ शकतात.

लसीकरणाचं कार्ड आत्ताच काढून बघा. किंडरगार्टनला गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस लागतात, दोन्ही पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतरचे. आपल्या सरकारी वेळापत्रकातला पहिला डोस नवव्या महिन्यात असतो, तो धरला जात नाही. शिवाय त्या लसीत गोवर-रुबेला असतं, गालगुंड नसतं. कांजिण्यांची लस तर सरकारी वेळापत्रकात नाहीच, आणि तिथे तिचे दोन डोस हवेत. या दोन्ही जिवंत लशी एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर किमान 28 दिवसांचं अंतर ठेवावं. म्हणून विमानाच्या तिकिटाच्या तारखेपासून मागे मोजत बालरोगतज्ज्ञांना गाठा. पोलिओ, त्रिगुणी आणि हिपॅटायटिस बी बहुतेकांचं झालेलं असतं. तरी पोलिओ आणि त्रिगुणीचा एकेक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा आहे ना, हे तपासा. वैयक्तिक मताच्या आधारे लस टाळण्याची सोय कॅलिफोर्नियाने 2016पासून बंद केली आहे.

प्रश्न : दाराला तोरण, बाहेर रांगोळी, वाळत घातलेले कपडे, यावर तिथल्या सोसायट्या खरंच हरकत घेतात? (पुणे)

उत्तर : घेतात, पण तोरणाच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. 2020पासून कॅलिफोर्नियात सोसायटीला प्रवेशदारावरची किंवा चौकटीवरची धार्मिक वस्तू सरसकट मना करता येत नाही. अट मापाची : दारावरच्या सगळ्या धार्मिक वस्तू मिळून 36 बाय 12 इंचांपेक्षा मोठ्या नकोत. चौकट बहुधा 36 इंचांचीच असते, त्यामुळे दाराच्या रुंदीचं तोरण चालतं. दोन्ही बाजूंनी खाली सोडलेल्या झेंडूच्या माळा मात्र मापाबाहेर जातात. दाराला रंग द्यायचा असेल तेव्हा ते तात्पुरतं उतरवायला सांगू शकतात.

कपड्यांसाठी स्वतःच्या ताब्यातल्या मागच्या अंगणात दोरी किंवा स्टँड लावायची मुभा आहे. बाल्कनीचा कठडा कायद्याने ‘दोरी’ ठरत नाही, तिथे साडी टाकली की नोटीस येते आणि ती योग्यच असते. भाडेकरूंनी घरमालकाची संमती घ्यावी. रांगोळीला असं संरक्षण नाही. फ्लॅटच्या दाराबाहेरचा पॅसेज सामाईक असतो. उंबऱ्याच्या आत पाटावर काढा. आणि रंग पाइपने धुऊन रस्त्याच्या गटारात सोडू नका. तिथलं पावसाळी गटाराचं पाणी शुद्ध न होताच सॅन डिएगो क्रीकमधून न्यूपोर्टच्या खाडीत जातं.

प्रश्न : गाडी चालवता येत नाही. सहा महिने तिथे राहून आम्ही दोघं म्हातारे कोंडून पडू का? (सातारा)

उत्तर : फिरण्यापुरतं नाही पडणार, कामापुरतं मात्र बऱ्यापैकी पडाल. वसाहतींच्या आत पायवाटा छान आहेत. वुडब्रिजच्या दोन कृत्रिम तळ्यांकाठी किंवा जेफ्री ओपन स्पेस ट्रेलवर निवांत चालता येतं. पण घरं मोठ्या रस्त्यांकडे पाठ करून बांधली आहेत आणि मध्ये लांबच लांब भिंती. नकाशावर समोर दिसणाऱ्या दुकानाला वळसा पडतो. मुलाला सांगा, घर बघताना फाटकापासून किराणा दुकानापर्यंत एकदा चालून मिनिटं मोजायची. चौकात खांबावरचं बटण दाबल्याशिवाय बऱ्याचदा चालणाऱ्याचा दिवा लागतच नाही. नवखे उगाच उभे राहतात.

प्रश्न : हे शहर एका कंपनीने वसवलं, हे खरं? (नागपूर, नगररचनेची विद्यार्थिनी)

उत्तर : बव्हंशी. अर्व्हाइन घराण्याच्या रांचची (गुराढोरांच्या आणि शेतीच्या मोठ्या मळ्याची) जमीन अर्व्हाइन कंपनीकडे होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेसाठी कंपनीने 1,000 एकर जमीन एक डॉलरला दिली, वास्तुरचनाकार विल्यम परेरा यांनी भोवतीच्या शहराचा आराखडा केला, 1965मध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि 28 डिसेंबर 1971ला शहराला नगराचा दर्जा मिळाला. प्रत्येक ‘व्हिलेज’ला आपली शाळा, बाग आणि दुकानं, हा त्या रचनेचा गाभा. वस्ती 2020च्या जनगणनेत 3,07,670 होती. अभ्यासासाठी एल टोरो तळ जरूर बघा. 1999ला बंद झालेल्या त्या लष्करी विमानतळाच्या जागेवर ग्रेट पार्क होतं आहे.

प्रश्न : इतक्या आखीव शहरात वणव्याची भीती कशी? (ठाणे)

उत्तर : उत्तरेकडच्या वस्त्या डोंगराला लागून आहेत. शरदात वाळवंटाकडून ‘सांता आना’ नावाचे कोरडे वारे सुटतात. 26 ऑक्टोबर 2020ला सिल्व्हराडो वणव्यात सुमारे 90,000 लोकांना घरं सोडावी लागली. पासपोर्ट, औषधं आणि चष्मा एका पिशवीत दाराशी ठेवा. वीज गेली तर जुनं गॅरेजचं दार बटणाने उघडत नाही. छताच्या रुळाला लोंबणारी लाल दोरी खाली ओढली की ते हाताने वर उचलता येतं. दोरी कुठे आहे ते आल्याच दिवशी बघून ठेवा, आणि दार एकदा उचलूनही बघा. ते जड असतं.