देवाने क्षमा केली, मग घरच्यांनी का करू नये?

गोव्यातील सासष्टीच्या एका गृहस्थांनी हा प्रश्न विचारला आहे. दहा वर्षे दारू आणि जुगारात घालवल्यावर त्यांनी कुमसार केला, म्हणजे पाद्रींसमोर पापांची कबुली दिली; आता रविवारची मिसा (चर्चमधील उपासना) चुकत नाही, रोज सायंकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात, तरी थोरली बहीण त्यांच्याशी बोलत नाही. देवाने क्षमा केली असेल तर घरच्यांनी का करू नये, आणि यापुढचा योग्य मार्ग ख्रिस्ती माणसाने कसा ओळखावा, असे त्यांचे विचारणे आहे.

प्रश्नाचा पहिला भाग मी एकेकाळी जवळजवळ याच शब्दांत विचारत असे, आणि त्याचे चुकीचे उत्तर देणारी प्रेमळ माणसे मला पुष्कळ भेटली. म्हणून लिहितो आहे.

आमचे घराणे मूळचे सावंतवाडीकडचे, शिक्षण मराठीतून झाले, पण वडिलांच्या बेकरीतील नोकरीमुळे आम्ही लहानपणीच म्हापशाला आलो. माझा थोरला भाऊ तारवटी आहे; प्रवासी जहाजावर नऊ महिने काम करायचे आणि दोन महिने घरी यायचे, असे त्याचे आयुष्य. २००६ साली त्याने जुने मातीचे घर पाडून चिऱ्यांचे घर बांधायचे ठरवले, कारण त्याचे लग्न ठरत आले होते. आईला बँकेत जाणे जमत नसे, म्हणून खाते आई आणि मी अशा दोघांच्या नावावर होते. दादा दर महिन्याला पैसे पाठवी आणि ते काढून गवंड्याला देणे हे माझे काम होते.

मी त्या वेळी एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहीत होतो आणि दुकानापासून शंभर पावलांवर मटक्याची चिठ्ठी घेणारा बसत असे. मटका कायद्याने बंद आहे हे सर्वांना ठाऊक आहे आणि तो कुठे लावतात हेही सर्वांना ठाऊक आहे. दहा आकड्यांपैकी एक लावायचा आणि तो लागला तर नऊपट मिळायचे, एवढ्या साध्या गणितात लावणारा शेवटी हरणारच हे हिशेबनीसाला कळायला हवे होते. मला ते कळतही होते. तरी संध्याकाळचा ओपन, म्हणजे पहिला आकडा, गेला की तो भरून काढण्यासाठी रात्रीचा क्लोज, म्हणजे दुसरा आकडा, लावायचा, आणि क्लोजही गेला की दादाच्या पुढच्या महिन्याच्या पैशांची वाट पाहायची, असे महिनोन्महिने चालले. फोनवर मी त्याला सांगत असे की चिरे आले, चौथरा झाला, भिंती खिडकीपर्यंत चढल्या. यांपैकी चौथरा तेवढा खरा होता. २००८ च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा त्या चौथऱ्यावर गुडघाभर गवत होते. मुलीकडच्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि मग लग्न मोडले.

त्या काळात मी किती प्यालो याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. तुम्हाला ते सांगायला नको. २०१० साली मला एका प्रार्थनागटाने पाच दिवसांच्या साधनेला नेले, आणि तिथे माझ्यात खरोखर पालट झाला हे मी आजही मानतो. त्या दिवसापासून मी दारूला शिवलेलो नाही आणि मटक्याची चिठ्ठी हातात धरलेली नाही. गटाने मला साक्ष द्यायला उभे केले. मी भरल्या गळ्याने सांगितले की मी घरचे पैसे उडवले आणि प्रभूने मला उचलून घेतले. लोक रडले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आईच्या आग्रहाखातर आलेला दादा शेवटच्या बाकावर बसला होता, तो उठून निघून गेला.

गटाच्या प्रमुखांनी मला जवळ घेऊन समजावले की हा बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आहे, धाकटा परत आल्याचा आनंद त्याला सोसवत नाही, त्याचे कठोर मन पाझरावे म्हणून आपण प्रार्थना करू. पुढचे दीड वर्ष आमच्या घरात, नातेवाइकांत आणि गटात दादाची हीच ओळख झाली. आई जेवायला वाढताना त्याला हे ऐकवी. मीही त्याच्या कठोर मनासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, केल्या. आयुष्यातील ज्या गोष्टींची मला लाज वाटते त्यांत मटक्याच्याही वर मी या नोव्हेनांना ठेवतो.

हा दाखला लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात आहे आणि तो आपल्याला पाठ असतो, पण मन लावून वाचलेला नसतो. त्यातला बाप आपली मालमत्ता दोघा मुलांत वाटून देतो. धाकटा दूरदेशी जाऊन उधळतो तो स्वतःचा वाटा. म्हणूनच बाप थोरल्याला सांगू शकतो की माझे जे काही आहे ते सारे तुझेच आहे. थोरल्याचा वाटा अबाधित होता. मी स्वतःचे काही उधळले नव्हते, कारण माझ्याजवळ उधळण्यासारखे काही नव्हतेच. मी दादाने समुद्रावर मिळवलेले उधळले होते, आणि तरीही त्या दाखल्यात परतलेल्या धाकट्याला बापाने दिलेली अंगठी, झगा आणि मेजवानी मी आपल्या नावावर लावून घेतली होती. आणखी एक गोष्ट त्या दाखल्यात आहे जी प्रवचनांत क्वचित ऐकू येते: थोरला बाहेर उभा राहतो तेव्हा बाप मेजवानी सोडून त्याच्यासाठीही बाहेर येतो. आमच्या घरातून दादासाठी कोणीही बाहेर गेले नाही. तो शेवटी आत आला की नाही हे येशूने सांगितलेले नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार धाकट्याला दिलेला तर मुळीच नाही.

हे माझ्या ध्यानात आणून दिले ते ओल्ड गोव्यात कुमसार ऐकायला बसलेल्या एका वृद्ध पाद्रींनी. नोव्हेंबर २०११ मध्ये, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, फेस्ताच्या नोव्हेना चालू असताना, मी म्हापशाहून अनवाणी चालत निघालो होतो. रात्रभर वीस-बावीस किलोमीटर चाललो. मांडवीच्या पुलावरून जाताना खाली कॅसिनोच्या बोटींचे दिवे दिसले आणि आपण त्या सगळ्यातून सुटलो म्हणून मी देवाचे आभार मानले. रायबंदरचा बांध ओलांडेपर्यंत पायांना फोड आले होते आणि मला वाटत होते की माझे प्रायश्चित्त पुरे झाले. पहाटेच्या मिसेपूर्वी मी कुमसाराला बसलो आणि नेहमीचे वाक्य म्हटले की मी घरचे पैसे जुगारात घालवले. त्यांनी विचारले, ‘किती? आणि कोणाचे?’

अनेक वर्षे आकड्यांवर जगलेल्या मी तो एक आकडा कोणासमोरही कधी उच्चारला नव्हता. चार लाख साठ हजार, माझ्या भावाचे. ‘त्यातले परत किती केलेस?’ मी गप्प राहिलो. त्यांनी पापमुक्ती दिली आणि प्रायश्चित्त म्हणून एवढेच सांगितले की घरी जाऊन हा आकडा भावाला त्याच्या तोंडावर सांग आणि पहिला हप्ता कधी देणार तेही सांग.

दादा तेव्हा सुट्टीवर घरीच होता. माझे बोलणे त्याने मधे न थांबवता ऐकून घेतले, माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘ओल्ड गोव्यापर्यंत चालत गेलास. माझी खोली मधल्या दाराच्या पलीकडे आहे. तिथे यायला तुला साडेतीन वर्षे लागली.’

जानेवारी २०१२ पासून मी त्याला महिना पाच हजार रुपये देऊ लागलो. पगार अकरा हजार होता. ब्याण्णव हप्ते झाले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मुद्दल फिटले. पुढे बायबलमधील गणना या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात वाचले की अपराध्याने पाप कबूल करावे, पूर्ण भरपाई करावी आणि वर पाचवा हिस्साही द्यावा. मार्च २०२० मध्ये जहाजे थांबली आणि दादा बिनपगारी घरी बसला, तेव्हा साठवलेले ब्याण्णव हजार मी त्याच्यासमोर ठेवले. त्याने विचारले, ‘हे कशाचे?’ मी सांगितले. त्याने ते मोजून घेतले. ‘क्षमा केली’ हा शब्द त्याने आजतागायत काढलेला नाही, आणि मी तो मागत नाही. त्याचे लग्न पुढे दुसरीकडे झाले, पण मोडले ते मोडलेच. त्याची भरपाई कोणत्याही हप्त्यात बसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. कुमसाराने पाप मिटते, नुकसान मिटत नाही. हे माझे मत नसून कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील १४५९व्या परिच्छेदात तसे स्पष्ट आहे आणि चोरलेले परत करणे हेच उदाहरण तिथे दिलेले आहे. बायबलमधला लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय यानेही येशू घरी आल्यावर केवळ अश्रू ढाळले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, असा आकडा त्याने उभ्याने सांगितला, आणि या घराला आज तारण लाभले हे येशूचे शब्द त्यानंतरचे आहेत. तुम्ही मिसा आणि तेर्स यांबद्दल लिहिले आहे, पण बहिणीचे नेमके काय गेले हे संपूर्ण प्रश्नात कुठेही लिहिलेले नाही. ती बोलत नाही याला तिचे कठोर मन म्हणू नका आणि कोणाला म्हणू देऊ नका. विशेषतः प्रार्थनागटात कोणी तिला दाखल्यातला थोरला भाऊ म्हणू लागले, तर तिथल्या तिथे उठून सांगा की तिचे काहीही चुकलेले नाही. मी हे दादासाठी त्या वेळी करायला हवे होते. तो शेवटच्या बाकावरून उठला तेव्हा मी टाळ्यांकडे पाहत होतो.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ज्या व्यक्तीला तुमच्या नुसत्या समोर येण्याने भीती वाटेल किंवा त्रास होईल, तिच्या दारात भरपाई घेऊनही जाऊ नये. त्यासाठी पाद्रींना किंवा वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालावे. दारू सोडणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अनॉनिमस हिच्या बारा पायऱ्यांतील आठवी आणि नववी पायरी हीच आहे: दुखावलेल्यांची यादी करणे, आणि त्यांना आणखी इजा होणार नसेल तेव्हाच प्रत्यक्ष भरपाई करणे. दुसरी गोष्ट म्हणजे दारू माझी एका साधनेत सुटली, तशी सर्वांची सुटत नाही. हात थरथरत असतील तर आधी डॉक्टरांकडे जा आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांनाही जा; त्या गोव्यातही भरतात. उपचार घेणे हा श्रद्धेचा कमीपणा नाही.

पुढची नोकरी कोणती धरावी, गोवा सोडावा का, देवाची आपल्यासाठी काय योजना आहे, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला त्या पहाटे ओल्ड गोव्यात माझ्या आयुष्याचा मार्ग दिसला नव्हता. पाच तारखेला पाच हजार रुपये द्यायचे आहेत एवढेच दिसले होते, आणि पुढच्या ब्याण्णव महिन्यांत कुठे जायचे हा प्रश्न मला पडला नाही. या शनिवारी एका कागदावर बहिणीचे नाव लिहा आणि त्यापुढे आकडा लिहा. आकडा आठवत नसेल तर तिलाच विचारा. तिला तो नक्की आठवत असेल.