अठरा पूर्ण होऊन बालगृह सोडताय? सहीआधी हे वाचा

"पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण, बालगृह सोडावं लागणार. पुण्यात एफवायला प्रवेश झालाय, पण राहू कुठे?" तुझं हे वाचलं आणि पोटात गोळा आला. 2017 साली मी याच जागी होतो. धाकटा समजून अरे-तुरे करतोय.

फॉर्म वगैरे तू शोधशीलच. संस्थेतून निघताना पुढे येईल त्या कागदावर सही मात्र करू नकोस. माझ्यापुढे 'स्वेच्छेने जात आहे, पुढील मदतीची गरज नाही' असा टाइप केलेला अर्ज आला. बाहेर पडायची इतकी घाई, की न वाचता सही केली. सहा महिन्यांनी अनुरक्षणाची (संस्था सोडल्यावर सरकारकडून मिळणारा आधार) मदत मागायला गेलो, तर कार्यालयाने तोच कागद पुढे केला. शिवाय अनाथ प्रमाणपत्रासाठी आईवडिलांचं रेशनकार्ड मागितलं! अनाथाकडे! नऊ खेपा घातल्या, दर वेळी साहेब मीटिंगमध्ये. तोवर मी मित्राच्या हॉस्टेलवर पॅरासाइट, म्हणजे त्याच्या खोलीत चोरून राहणारा. रेक्टरचा राउंड असला की रात्र अभ्यासिकेत. त्या वर्षी दोन विषय राहिले. तो राग अजून गेलेला नाही.

बाल न्याय कायद्यात (2015) संस्था सोडलेल्यांना 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण आहे, त्याच्या नियमांत अपवाद म्हणून 23 पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत त्यासाठी दरमहा 4,000 रुपये धरलेत. पण ते आपोआप मिळत नाही. आत असतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी अर्ज दे आणि पोच घे. अनाथ प्रमाणपत्रासाठीही आत्ताच अधीक्षकांच्या मागे लाग, तुझी फाईल त्यांच्याच कपाटात आहे. शिक्षणातलं 1 टक्का आरक्षण त्यावरच मिळतं आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत अनाथांना 2 टक्के जागा असतात. (मी वकील नाही. नियम बदलतात, ताजा जीआर बघ.)

हॉस्टेल मिळालं तरी दिवाळी लक्षात ठेव. मेस बंद, पोरं गावी, आणि घर नसलेल्याने कुठे जायचं हे कुणी विचारत नाही. रेक्टरना महिनाभर आधी लेखी कळव. 'कमवा आणि शिका'त नाव घाल, पण पहिल्या वर्षी रात्रपाळीची नोकरी धरू नकोस, असं माझं ठाम मत आहे. वर्गात झोप येते आणि हजेरी जाते.

जिल्हा कोणता ते व्यनि (खाजगी मेसेज) कर. पुण्यात उतरलास आणि जागा नसली, तर माझ्या खोलीत एक गादी रिकामी आहे.