विहिरीचं पाणी जनसुनावणीत कसं मांडायचं?

प्रश्न : आमच्या गावाशेजारच्या साखर कारखान्यात मळीपासून रोज ६० हजार लिटर इथेनॉल काढणारी डिस्टिलरी होणार आहे. जनसुनावणी लागली आहे. पण पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा तज्ज्ञांचा अहवाल आधीच तयार आहे. मग आमचं कोण ऐकणार? (एक शेतकरी, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

उत्तर : तयार आहे तो मसुदा. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार तुमच्या हरकती आणि त्यांवर कंपनीचं उत्तर अंतिम अहवालात यावं लागतं. तो तज्ज्ञ समितीपुढे जातो. सुनावणीत मतदान नसतं, गणपूर्तीही नसते. ट्रॅक्टर भरून माणसं नेण्यापेक्षा चार नेमके मुद्दे नेलेले बरे.

नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. तेव्हापासून मसुदा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात, जिल्हा पंचायतीत बघायला मिळतो. सारांशावर थांबू नका, नमुने घेतल्याच्या तारखांचं पान काढा. बरीच मेख तिथंच असते. हवेचे नमुने सहसा पावसाळा सोडून एकाच हंगामात घेतात. ते मार्च ते मेमधले असतील, तर आपल्याकडे तोवर गाळप बहुतेक आटोपलेलं असतं : चिमणी थंड, उसाच्या गाड्या बंद. शिवाय उन्हाळ्यात वारं पश्चिमेचं, गाळपाच्या दिवसांत बरेचदा पूर्वेचं. धूर ज्या गावावर जाणार, तिथं यंत्र लावलं होतं का, ते नकाशात बघा.

मग स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं घाण सांडपाणी. लिटरभर अल्कोहोलमागे तो साधारण ८ ते १५ लिटर निघतो, म्हणजे तुमच्याकडे रोज किमान ४ लाख ८० हजार लिटर. बॉयलरमध्ये जाळू, असं लिहिलेलं असेल. बॉयलर बंद पडला तर साठवणार कुठं, हौदाला अस्तर कसलं, उताराच्या बाजूला निरीक्षण विहीर आहे का, हे विचारा.

आपल्या विहिरीचं, बोअरचं पाणी आत्ताच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या : टीडीएस (विरघळलेले क्षार), सीओडी (सांडपाण्याच्या घाणीचं माप), क्लोराइड. बोअर दहा मिनिटं चालवून मग बाटली भरा, नाहीतर पाइपात साचलेलंच पाणी तपासलं जातं. बाटलीवर सर्व्हे नंबर आणि तारीख हवीच. नुसतं ‘पाणी खराब होईल’ म्हणालात, तर इतिवृत्तात एका ओळीत गुंडाळलं जातं.

बोला खुशाल मराठीत. लेखी निवेदन मात्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्या आणि पोच घ्या. इतिवृत्त शेवटी वाचून दाखवावं लागतं, सहीही त्याच दिवशी होते. भाषणं संपली की लोक उठतात. तुम्ही बसून राहा, आणि आकडा चुकीचा वाचला तर सहीआधी दुरुस्त करून घ्या.