वाचकांचे प्रश्न : तीन विरुद्ध तीन बास्केटबॉलची वस्तीतील स्पर्धा आणि तिचे नियम

वस्तीपातळीवर भरणाऱ्या तीन विरुद्ध तीन बास्केटबॉल स्पर्धांविषयी नागपुरातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. हा खेळ २०१० च्या सिंगापूर युवा ऑलिम्पिकमध्ये प्रथम खेळला गेला आणि २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिम्पिकपासून मुख्य ऑलिम्पिकमध्ये आला. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, त्याची नियमावली स्वतंत्रपणे तयार केली आहे. पाच खेळाडूंच्या खेळाचे नियम अर्ध्या कोर्टवर लावले की तीन विरुद्ध तीनचा खेळ तयार होतो, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे आणि पत्रांतून मांडलेले बहुतेक वाद त्या समजातूनच उद्भवलेले दिसतात.

प्रश्न : आमच्या ले-आउटमधील मैदानावर सिमेंटचे जुने कोर्ट आहे. त्यावरील थ्री-पॉइंटची रेषा आणि रिंगखालचा पट्टा टीव्हीवर दिसतात तसे नाहीत. स्पर्धेसाठी सगळी आखणी नव्याने करावी लागेल का? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आपले कोर्ट बहुधा २०१० पूर्वी आखलेले असावे. तोपर्यंत फिबाच्या नियमांनुसार ही थ्री-पॉइंटची कमान ६.२५ मीटरवर होती आणि रिंगखालचा पट्टा समलंब चौकोनाच्या आकाराचा होता. त्यानंतर कमान ६.७५ मीटरवर गेली आणि पट्टा सरळ आयताकृती झाला. नागपुरातील जुन्या ले-आउटमधून फिरताना ही जुनी आखणी आजही अनेक ठिकाणी आढळते. सगळे काही पुसण्याची मात्र गरज नाही. तीन विरुद्ध तीनचे मैदान १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब असते, तथापि नेहमीच्या कोर्टचा अर्धा भाग आहे तसा वापरण्यास नियमांची परवानगी आहे. फ्री थ्रोची रेषा शेवटच्या रेषेपासून ५.८० मीटरवर असते आणि ती जुन्या कोर्टवरही तेथेच आहे. म्हणजे खरे काम उरते ते कमानीचे.

त्यासाठी रिंगच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडावा आणि तो जमिनीला जेथे टेकेल तेथे खूण करावी. बोर्ड योग्य जागी बसवलेला असेल, तर ही खूण शेवटच्या रेषेच्या आतील कडेपासून १.५७५ मीटरवर येते; येत नसेल, तर खांब मागेपुढे झाला आहे असे समजावे आणि तरीही माप रिंगच्या मध्यापासूनच घ्यावे. त्या खुणेवर सुतळीचे एक टोक धरून दुसऱ्या टोकाला खडू बांधावा आणि ६.७५ मीटरची कमान ओढावी. दोन्ही बाजूंना ती बाजूच्या रेषेपासून ९० सेंटिमीटर आत असलेल्या सरळ रेषांना मिळते.

येथे एक अडचण हमखास येते. ले-आउटमधील कोर्ट अनेकदा १५ मीटर रुंद नसते. समजा ते १२ मीटरच आहे, तर ९० सेंटिमीटर आत ओढलेली सरळ रेषा रिंगच्या मध्यापासून अवघ्या ५.१० मीटरवर येते. पूर्ण मापाच्या कोर्टवर हे अंतर ६.६० मीटर असते. म्हणजे कोपऱ्यातील फटका दीड मीटर जवळून मारूनही त्याला कमानीबाहेरच्या फटक्याचे दोन गुण मिळू लागतात (या खेळात कमानीच्या आतून एकच गुण मिळतो) आणि हुशार संघ दिवसभर कोपऱ्यातच उभा राहतो. अशा कोर्टवर सरळ रेषा आखूच नयेत. कमान बाजूच्या रेषेला भिडेल तेथे थांबवावी, म्हणजे कोपऱ्यातून दोन गुण मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. जुन्या ६.२५ मीटरच्या कमानीवर खेळायचे ठरवले, तरी वस्तीच्या स्पर्धेत ते चालू शकते, पण दोन कमानी एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवू नयेत. जी वापरायची नाही ती झाकावी.

प्रश्न : संघात चौघे का? आणि मुलींसाठी चेंडू वेगळा घ्यावा का? (एक वाचक, नंदनवन)

उत्तर : तिघे मैदानात आणि एक बदली, असा चौघांचा संघ असतो, सामना सुरू होताना मात्र तिघे मैदानावर हजर असलेच पाहिजेत. चेंडू पुरुष आणि महिला दोघांसाठी एकच असतो : आकार सहा क्रमांकाचा आणि वजन सात क्रमांकाचे. तो न मिळाल्यास मोठ्यांच्या सामन्यांसाठी सहा क्रमांकाचा साधा चेंडू घ्यावा, आणि बारा वर्षांखालील मुलामुलींना पाच क्रमांकाचा द्यावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : उपांत्य सामन्यात आमच्या खेळाडूने रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फटक्यानंतर परतलेला चेंडू, घेतला आणि तेथूनच चेंडू रिंगमध्ये टाकला. पंचांनी तो गुण रद्द केला आणि आम्ही एका गुणाने हरलो. बचाव करून चेंडू मिळवला तर गुण का मिळू नये? (एका संघाचा कर्णधार, लक्ष्मीनगर)

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो, परंतु पंचांचा निर्णय योग्य होता. या खेळात रिंग एकच असल्यामुळे बचाव करणाऱ्या संघाला आक्रमण सुरू करण्यापूर्वी चेंडू कमानीबाहेर न्यावाच लागतो. रिबाउंड असो, मध्येच अडवलेला पास असो किंवा अडवलेला फटका असो, चेंडूचा ताबा कमानीच्या आत मिळाला, की आधी ड्रिबल करून किंवा पास देऊन तो बाहेर न्यायचा आणि मगच रिंगकडे वळायचे. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याचे दोन्ही पाय कमानीच्या बाहेर असले पाहिजेत. रेषेवर ठेवलेला पाय आतच धरला जातो. वाद बहुतेक वेळा याच ठिकाणी होतो. खेळाडू घाईने मागे सरकतो, पुढचा पाय बाहेर टाकतो, मागच्या पायाची टाच रेषेवर राहते आणि तो लगेच वळून फटका मारतो. प्रेक्षकांना तो बाहेर गेलेला दिसतो, पंचाला मात्र टाच दिसते. म्हणून पंचाने अशा क्षणी चेंडूकडे न पाहता रेषेकडे पाहावे आणि चेंडू बाहेर गेल्याची हाताने खूण करावी, म्हणजे बचाव करणाऱ्यालाही कळते.

याउलट, आक्रमण करणाऱ्या संघाने स्वतःच्या चुकलेल्या फटक्याचा रिबाउंड घेतला, तर त्याला बाहेर जाण्याची गरज नसते. प्रतिस्पर्ध्याच्या हाताला लागून उडालेला चेंडू पुन्हा त्याच संघाकडे आला, तरीही तेच लागू होते.

गुण झाल्यानंतरची पद्धतही पाच खेळाडूंच्या खेळाहून वेगळी आहे. ज्या संघावर गुण झाला तो शेवटच्या रेषेमागे न जाता रिंगखालूनच चेंडू उचलतो आणि कमानीबाहेर नेतो. रिंगखालच्या अर्धवर्तुळात त्याच्याकडून चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न करता येत नाही. चेंडू मैदानाबाहेर गेला किंवा खेळ थांबला, तर कमानीच्या माथ्यावर बचाव करणारा खेळाडू आक्रमण करणाऱ्याच्या हाती चेंडू देतो आणि तेथून खेळ पुन्हा सुरू होतो. दोघांनी चेंडू एकदम धरून ठेवला, तर तो बचाव करणाऱ्या संघाला मिळतो.

प्रश्न : समोरच्या संघातील एका खेळाडूचे पाच फाउल झाले, तरी पंचांनी त्याला बाहेर काढले नाही. हा पक्षपात नव्हे का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : नाही. तीन विरुद्ध तीनमध्ये वैयक्तिक फाउलांच्या संख्येवरून कोणालाही बाहेर काढले जात नाही. फाउल संघाच्या नावावर मोजले जातात. फटका मारताना झालेल्या फाउलसाठी कमानीच्या आत एक आणि बाहेर दोन फ्री थ्रो मिळतात. चेंडू रिंगमध्ये गेला, तर गुण धरून वर एक फ्री थ्रो मिळतो. संघाच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या फाउलला दोन फ्री थ्रो, आणि दहाव्यापासून पुढे प्रत्येक वेळी दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही मिळतो. हा दंड जबर आहे, कारण दहा मिनिटांच्या खेळात एक जादा आक्रमण सामना फिरवू शकते.

खेळाडूला बाहेर काढण्याची तरतूद आहे ती खिलाडूवृत्तीविरुद्धच्या फाउलसाठी. असा एक फाउल संघाच्या खात्यात दोन म्हणून लिहिला जातो आणि एकाच खेळाडूकडून तो दोनदा झाला, की तो बाद होतो. वस्तीच्या स्पर्धेत पंच अनेकदा ओळखीचे असतात आणि हा फाउल देताना कचरतात. त्यांनी कचरू नये. उडी घेतलेल्या खेळाडूला पाठीमागून ढकलणे सिमेंटच्या कोर्टवर फार धोक्याचे असते आणि पहिल्याच सामन्यात ते ठामपणे रोखले, तर पुढचे सामने निभावून जातात. गुणलेखकाने टेबलवर प्रत्येक संघाच्या नावापुढे एक ते दहा आकडे आधीच लिहून ठेवावेत, फाउल होताच आकडा खोडावा आणि सातवा फाउल झाला की मोठ्याने सांगावे.

प्रश्न : आमच्या गटात तीनही संघांचा एकेक विजय झाला. आयोजकांनी गुणांच्या फरकावरून क्रम लावला. ते बरोबर आहे का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : फिबाच्या नियमांनुसार ते बरोबर नाही. तेथे प्रथम विजयांची संख्या पाहतात, ती सारखी असल्यास आपसांतील सामन्यांचा निकाल पाहतात, आणि त्यातूनही उलगडा न झाल्यास प्रति सामना केलेल्या गुणांची सरासरी घेतात. वॉकओव्हरने मिळालेल्या विजयाचे गुण विजयी संघाच्या सरासरीत धरत नाहीत.

दोन्ही पद्धतींत किती तफावत पडते, हे एका काल्पनिक गटावरून पाहा. ‘अ’ संघाने ‘ब’ला २१-१५ असे, ‘ब’ने ‘क’ला २०-१६ असे आणि ‘क’ने ‘अ’ला १७-१३ असे हरवले. ‘ब’चे एकूण गुण ३५, म्हणजे सरासरी १७.५, ‘अ’चे ३४, सरासरी १७, ‘क’चे ३३, सरासरी १६.५. म्हणजे ‘ब’ पहिला. आता फरक काढा : ‘अ’ अधिक दोन, ‘क’ शून्य आणि ‘ब’ उणे दोन. सरासरीने पहिला आलेला संघ फरकाने थेट शेवटी जातो! केलेल्या गुणांना महत्त्व दिल्यामुळे आघाडी मिळाली तरी संघ आक्रमण सोडत नाहीत, म्हणून मला नियमावलीतील पद्धतच अधिक रुचते. तथापि आपल्या आयोजकांनी फरकाची पद्धत नावनोंदणीच्या कागदावर आधीच छापली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. गटसामने संपल्यानंतर ती ठरवली असेल, तर आपली तक्रार रास्त आहे.

प्रश्न : मे महिन्यात बारा संघांची स्पर्धा घ्यायची आहे. आमच्याकडे ना घड्याळाचा फलक आहे, ना बारा सेकंदांचे यंत्र. कसे जमवावे? (एक मंडळ, मनीषनगर)

उत्तर : आधी उन्हाचा विचार करा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सिमेंटचे कोर्ट सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेलेच असते. सकाळी नऊनंतर आणि सायंकाळी सहापूर्वी सामना ठेवू नये. तीन-तीन संघांचे चार गट केले, तर गटांतील बारा सामने, दोन उपांत्य आणि अंतिम मिळून पंधरा सामने होतात. खेळ दहा मिनिटांचा असला, तरी थांबणाऱ्या घड्याळामुळे आणि संघ बदलण्यामुळे एका सामन्याला पंचवीस मिनिटे धरावीत. म्हणजे सव्वासहा तास लागतात. ते दोन संध्याकाळींत वाटावेत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक वापरता येत नाही, हेही वेळापत्रक आखताना ध्यानात असू द्यावे.

घड्याळाच्या फलकाशिवाय खेळण्याची सोय नियमावलीतच आहे. न थांबणाऱ्या वेळेवर खेळायचे झाल्यास वेळ आणि गुणांची मर्यादा (तितके गुण आधी करणारा संघ तेथेच जिंकतो) आयोजक ठरवू शकतात. दहा मिनिटांना दहा गुण, पंधरा मिनिटांना पंधरा आणि वीस मिनिटांना एकवीस गुण, अशी फिबाची शिफारस आहे. आपल्या बारा संघांसाठी मी दहा मिनिटे आणि दहा गुण सुचवेन, आणि फक्त अंतिम सामना थांबणाऱ्या घड्याळावर, एकवीस गुणांचा ठेवावा. आक्रमणासाठी बारा सेकंदच असतात. यंत्र नसेल आणि एखादा संघ वेळकाढूपणा करू लागला, तर पंचाने शेवटचे पाच सेकंद मोठ्याने मोजावेत. प्रत्येक संघाला तीस सेकंदांचा एक टाइमआउट मिळतो. त्याशिवाय अर्ध्या वेळेला पाणी पिण्यासाठी एक मिनिट थांबण्याचा स्थानिक नियम आपण जरूर करावा.

प्रश्न : मुलांच्या सामन्यात प्रशिक्षक आणि पालक रेषेजवळून ओरडून सूचना देतात. त्यांना रोखता येते का? (एक पालक, बजाजनगर)

उत्तर : येते, आणि रोखावेही. या खेळात सामना सुरू असताना प्रशिक्षकाने सूचना देण्यास परवानगीच नाही, अगदी प्रेक्षकांत बसूनही नाही. कधी बदली खेळाडू आणायचा, कधी टाइमआउट घ्यायचा, हे मुलांनीच ठरवायचे असते. अकरा वर्षांची मुलगी स्वतःहून टाइमआउट मागते आणि दोघी मैत्रिणींना जमिनीवर बोटाने जागा आखून दाखवते, तेव्हा ती हा खेळ खरोखर शिकत असते. लहान मुलांच्या प्रत्येक संघाजवळ पाणी आणि प्रथमोपचार यांसाठी एक मोठी व्यक्ती अवश्य असू द्यावी, परंतु तिने खेळाविषयी बोलू नये.

प्रश्न : वेळ संपल्यावर बरोबरी झाली, तर आणखी किती मिनिटे खेळायचे? (एक वाचक, सदर)

उत्तर : मिनिटे मोजायचीच नसतात. एक मिनिटाच्या विश्रांतीनंतर जादा खेळ सुरू होतो आणि त्यात जो संघ आधी दोन गुण करील तो जिंकतो. कमानीबाहेरून गेलेला एकच फटकाही त्यासाठी पुरतो. जादा खेळात पहिला चेंडू कोणाचा, हे सामन्याच्या आरंभीच्या नाणेफेकीतच ठरलेले असते, कारण नाणेफेक जिंकणारा संघ चेंडू आरंभी घ्यायचा की संभाव्य जादा खेळासाठी राखून ठेवायचा, हे त्याच वेळी सांगतो. गुणलेखकाने ती निवड गुणपत्रिकेच्या माथ्यावर लिहून दोन्ही कर्णधारांची सही घ्यावी.