मामाची बीटल, तीन चाकं आणि कसरीने खाल्लेला डबा

प्रश्न : नमस्कार काका, मी पंचवटीत राहते. माझा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने सत्तरच्या दशकात कधीतरी बाहेरून प्लॅस्टिकच्या गाडीचा किट आणला होता, फोक्सवॅगन बीटलचा. अर्धी जोडली आणि मग ती माळ्यावर गेली ती गेलीच. मामा गेल्यावर मामीने आवराआवर करताना मला दिली. डबा कसरीने खाल्लाय, कंपनीचं नाव वाचता येत नाही, जोडणीचा कागद पण नाही. बॉडी, चॅसी, सीटा, तीन चाकं आणि मागचा बंपर आहे. चौथं चाक, पुढचा बंपर, पुढची काच, एका हेडलाइटची काच आणि वायपर नाहीत. वरून कोणीतरी लहानपणी (मीच बहुतेक) घरातला लाल ऑइलपेंट फासलाय. मागे एकाला तुम्ही आधी मोजून पाठवा म्हणाला होतात म्हणून सांगते, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत साडेसात सेंटीमीटर भरतं. मागची काच मोठी चौकोनी, हेडलाइट तिरपे. भाऊ म्हणतो ऑनलाइन पूर्ण किट घे आणि हा टाकून दे. काय करू?

उत्तर : अगं टाकतेस काय, भावाला म्हणावं तू तुझं मोबाइलचं बघ. आणि मोजून पाठवलंस ते फार बरं केलंस, निम्मं काम तिथेच झालं. खऱ्या बीटलचा व्हीलबेस, म्हणजे तू मोजलंस तेच अंतर, 2400 मिलिमीटर असतो, तुझा 75 भरला, म्हणजे 32 ने भाग गेला, म्हणजे तुझी गाडी 1/32 ची. 1/24 ची असती तर 100 भरले असते. आता हा 32 चा आकडा कुठेतरी भिंतीवर लिहून ठेव, कारण जे जे हरवलंय ते सगळं यातूनच परत येणार आहे, डब्यातून नाही.

दुसरं, गाडी कुठल्या सालची ते ठरव, नाहीतर चुकीच्या फोटोवरून बंपर करशील. बीटल वरवर सगळ्या सारख्याच दिसतात पण मागच्या काचेवरून ओळखता येतात, 1953 च्या मार्चपर्यंत दोन तुकड्यांची काच, मग 1957 पर्यंत अंडाकृती, आणि 1957 च्या ऑगस्टपासून मोठी चौकोनी. तिरपे हेडलाइट युरोपातल्या गाड्यांना 1967 पर्यंत होते, नंतर उभे आले आणि बंपरही चौकोनी घाटाचा झाला. म्हणजे तुझी या दहा वर्षांतली. फोटो शोधताना एवढीच वर्षं बघ, आणि बंपरच्या वर आणखी एक दांडी दिसली तर ती अमेरिकेला पाठवलेल्या गाड्यांची, तुझ्या मागच्या बंपरला तशी दांडी नसेल तर पुढेही करू नकोस.

आता तो लाल रंग. इथे माझी एक गोष्ट ऐक म्हणजे तू ती करणार नाहीस. मी पहिल्यांदा रंग काढायला बॉडी थिनरमध्ये बुडवली, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते साधं एनसी थिनर, आणि खाली जाऊन मिसळ खाऊन आलो. वर आलो तर डब्यात गाडी नव्हती, खरवस होता. हे किट पॉलिस्टायरिनचे असतात आणि पॉलिस्टायरिनला थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही चालत नाही, सगळं वितळतं. जुन्या ऑइलपेंटला आमच्यासारखे लोक गाडीचं ब्रेक ऑइल वापरतात, डॉट 3 वालं. आधी बॉडीच्या आतल्या बाजूला कुठेतरी थेंब लावून रात्रभर बघ, प्लॅस्टिक चिकट झालं नाही तर झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून एक दोन दिवस ठेव, रंग सुरकुतून वर येतो, मग जुन्या टूथब्रशने घासायचं आणि भांड्याच्या साबणाने धुवायचं. हातमोजे घाल, फरशीवर सांडू देऊ नकोस कारण ते फर्निचरचाही रंग खातं, आणि उरलेलं मोरीत ओतू नकोस, पंचवटीतली मोरी शेवटी कुठे जाते ते तुला मी सांगायला नको, बाटलीत भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दे, तो जुन्या ऑइलमध्ये टाकेल. काचेचे जे भाग शिल्लक आहेत ते आधी काढून बाजूला ठेव, ते यात घालायचे नाहीत.

मामाने जोडलेले सांधे उघडायचा विचार असेल तर तो सोडून दे. प्लॅस्टिकचं सिमेंट म्हणजे गोंद नसतो, ते दोन्ही कडा वितळवून एक करतं, सुकल्यावर सांधा उरतच नाही, तोडायला गेलीस तर भलतीकडे तुटेल. चॅसी थोडी वाकडी असेल तर हात सोसवेल न सोसवेल अशा गरम पाण्यात धर (उकळतं नको, पॉलिस्टायरिन शंभरच्या आसपास पार मऊ पडतं), काचेवर सपाट दाबून थंड पाण्याखाली घे, दोन तीन वेळा केलं की सरळ होते. आणि चॅसी उलटी करून उन्हात तिरपी धरून बघ, अशा किटांमध्ये बऱ्याचदा सिमेंटच्या ओल्या बोटाचा ठसा उठलेला असतो. ठसा सापडला तर ती बाजू घासू नकोस. खाली कोण बघतंय.

चाकावर जरा वेळ घालवू कारण सगळे तिथेच घाबरतात आणि खरं तर ते सगळ्यात सोपं आहे, तीन नमुने घरात असताना चौथ्याची काळजी कसली. दातांचे डॉक्टर माप घ्यायला दोन रंगांची सिलिकॉनची पुटी वापरतात, ओळखीच्या डॉक्टरकडून सुपारीएवढे दोन गोळे मिळाले तरी पुरतात. एक बारीक खोच आहे जी मला तीन साचे फुकट गेल्यावर कळली, ही पुटी रबरी म्हणजे लेटेक्सच्या हातमोज्यांनी मळली तर ती धरतच नाही, तशीच चिकट राहते, रबरातलं गंधक आडवं येतं. हात स्वच्छ धुऊन उघड्या हाताने मळ. दोन्ही रंग एक झाले की चेंडू कर, म्हणजे घडी राहत नाही, आणि तीनपैकी सगळ्यात चांगलं चाक तोंड खाली करून त्यात दाब, चाकाची मागची बाजू पुटीच्या पातळीला येईपर्यंत. हलवायचं नाही. पाच दहा मिनिटांत पुटी रबरासारखी होते, चाक वाकवून बाहेर काढलं की आत हबकॅपचा (चाकाच्या मधल्या झाकणाचा) घुमट आणि टायरची रेघन् रेघ उमटलेली दिसते, पहिल्यांदा बघशील तेव्हा घरात सगळ्यांना दाखवत सुटशील.

त्यात ओतायला रेझिन आर्टवाल्या मुली वापरतात तेच दोन बाटल्यांचं एपॉक्सी रेझिन आण, कॉलेज रोडला क्राफ्टच्या सामानात मिळून जाईल. प्रमाण बाटलीवर असेल तेच, अंदाजाने नाही, मेडिकलमधून दोन सिरिंज आण आणि मोजून घे. आधी साच्यात टूथपिकने एक थेंब सगळ्या कोपऱ्यांत फिरव, मग बाकीचं बारीक धारेने सोड, नाहीतर हबकॅपवर बुडबुडा राहतो आणि नेमका तिथेच राहतो. पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. निघालं की मागची बाजू वॉटर पेपरवर पाणी टाकून गोल गोल घासून सपाट कर, आणि मध्यभागी ॲक्सलचं भोक हाताने फिरवायच्या ड्रिलने पाड, मशीनने नको. एकदम चार ओतू नकोस, एक काढून शेजारी ठेवून बघ. मूळ तिन्ही मूळच राहू देत, चौथं तेवढं तुझं.

बंपरला साचा चालणार नाही. मागच्याची नक्कल करून पुढे लावायचा मोह होईल, पण दोन्हीचं वळण वेगळं असतं. किटमध्ये पार्ट ज्या फ्रेमच्या काडीला लटकून येतात ती स्प्रूची काडी मामाच्या डब्यात उरली असेल तर हातभर सोनं समज. गरम पाण्यात मऊ करून फोटो बघत वळव, पुढची बाजू पेपरने गोलसर कर, उभ्या दोन खुंट्या वेगळ्या चिकटव. किती बाहेर यायला हवा ते पण मोजता येतं, खरी गाडी बंपरसकट 4.07 मीटर, म्हणजे तुझी बंपर टू बंपर 12.7 सेंटीमीटर भरली पाहिजे. वायपर याच काडीचे. मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, काडी फिरवत धर, मधे चमक येऊन ती लवायला लागली की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ओढ, केसाएवढी तार निघते. पहिल्या पाच सहा तुटतील.

क्रोमसाठी मागचाही बंपर नव्याने करावा लागेल, नाहीतर दोघांची चमक दोन घरची दिसेल. जुनं क्रोम म्हणजे ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवलं की थोड्याच वेळात उतरतं (ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड वगैरे चुकूनही मिसळू नकोस, विषारी वायू होतो). मग चकचकीत काळा रंग आणि तो पूर्ण वाळला की वरून क्रोम पेंट. मी एकदा हुशारी करून मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख आणला होता, बंपरला थोडा लागला आणि बाकीचा माझ्या मिशीला, बायको आठवडाभर काजूकतली म्हणत होती. लागतो छान, पण पुढे काळा पडतो.

पुढची काच सोपी आहे कारण या गाडीची काच जवळजवळ सपाट असते. कागदावर पेन्सिल घासून चौकटीचा ठसा घे, त्याने पातळ पारदर्शक प्लॅस्टिक काप, शर्टाच्या डब्याचं झाकण चालतं. चिकटवायला फेविक्विक अजिबात नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, साधं फेविकॉल लाव, ते पारदर्शक वाळतं आणि चुकलं तर ओल्या फडक्याने निघतं. हेडलाइट सात इंचाचा धरला तर 32 ने भागून साडेपाच मिलिमीटर, आता घरातली गोळ्यांची पाकिटं काढ आणि ज्या गोळीचा पारदर्शक फुगा एवढा असेल तो कापून घे. आमच्याकडे आईच्या बीपीच्या गोळीचा बरोबर बसला.

भावाचं एक म्हणणं मात्र अगदीच चुकीचं नाही. जुने साचे कंपन्या पुन्हा पुन्हा काढतात, एका कंपनीकडून दुसरीकडे पण जातात, त्यामुळे तोच साचा नव्या डब्यात मिळाला तर त्यातला बंपर तुझ्या गाडीला बसेल. फक्त तोच साचा हवा, दुसऱ्या कंपनीची 1/32 बीटल घेतलीस तर नावाला सारखी आणि बसायला सवत. बॉडीच्या आत किंवा चॅसीखाली भिंगाने बघ, कंपनीचं नाव बरेचदा तिथे कोरलेलं असतं. ते सापडेपर्यंत पैसे घालू नकोस.

रंग पावसाळ्यात मारू नकोस. आपल्याकडे जुलैत हवेत इतका ओलावा असतो की स्प्रेच्या रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर कोरडी हवा लागली की दुपारी मार, आधी राखाडी प्रायमर, मग पातळ तीन हात. कुठला रंग ते मामीला विचार, डब्यावरचं चित्र त्यांना आठवत असेल.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या किटचे पाण्याने सुटणारे स्टिकर पिवळे पडलेत, वापरता येतील का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : येतात बऱ्याचदा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा, चित्राची बाजू बाहेर, पिवळेपणा काही दिवसांत उतरतो. मग लगेच पाण्यात टाकू नका, इतक्या वर्षांनी त्याचा पापुद्रा तडकलेला असतो आणि पाण्यात त्याचे तुकडे तुकडे होतात, आधी वरून पारदर्शक लॅकरचा एक हात द्या, वाळू द्या, मग प्रत्येक चित्र काठाला लागून कापून एकेक भिजवा. कोपऱ्यातलं नको असलेलं एखादं आधी.

प्रश्न : हरवलेला पार्ट थ्रीडी प्रिंट करून घेतला तर? आमच्या अंबडला एक जण करतो. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : करून घ्या की, पण त्याला विचारा मशीन तारेचं (प्लॅस्टिकची तार वितळवून थर रचणारं) आहे का रेझिनचं. तारेच्या मशीनने 1/32 चा हबकॅप काढला तर जिलबीसारखे थर दिसतात, घासायला गेलं की घाटच जातो. रेझिनच्या मशीनने सुरेख निघतो. माप मात्र तुम्ही व्हर्निअरने घेऊन लिहून द्या, फोटो दाखवून साधारण एवढा असं सांगितलं तर तो साधारण तेवढाच देईल.