पहिला कंट्रोलर निवडताना

तुम्ही व्हिडिओ गेम खेळण्यासाठी पहिलाच कंट्रोलर घेत आहात, म्हणून महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात पैसे मोजण्यापूर्वी तो दहा मिनिटे हातात धरून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. माझा सर्वांत आवडता कंट्रोलर एक्सबॉक्सचा आहे. त्याच्या दोन स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या, वरखाली असल्यामुळे डावा अंगठा सहज टेकतो, विंडोजवर तो लगेच चालतो आणि त्यातले दोन पेन्सिल सेल संपले, तर ते गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळतात. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचे ट्रिगर, म्हणजे तर्जनीने दाबायची मागची बटणे, मात्र गेममध्ये धनुष्याची दोरी ताणताना बोटाला खरोखर विरोध करतात, आणि तो अनुभव विलक्षण आहे.

सर्वांत नावडता म्हणजे नाशिक रोडला घेतलेला एक स्वस्त, बिननावाचा कंट्रोलर. चार महिन्यांतच त्याची स्टिक, बोट न लावताही, पडद्यावरची गाडी हळूहळू उजवीकडे नेऊ लागली. बहुतेक स्टिकमध्ये, अगदी माझ्या आवडत्या कंट्रोलरच्याही, पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती कलली हे मोजणारा भाग, असतो; त्यातला सरकता संपर्क कार्बनच्या पट्टीवर घासत राहतो, पट्टी झिजते आणि स्टिक मध्यावर असूनही चुकीचा संकेत जातो. हॉल इफेक्ट प्रकारात चुंबकीय क्षेत्र मोजले जात असल्याने ही झीज होत नाही. रोज तासन्‌तास खेळणार असाल, तर थोडे पैसे जास्त पडले तरी हाच प्रकार मागावा, आणि स्टिक फिरवून सोडल्यावर ती नेमकी मध्यावर परतते का, हे दुकानातच संगणकाला जोडून पाहावे.