गवती चहाचं घरी काढलेलं तेल: गढूळ, तपकिरी आणि करपट का होतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ३० लिटरचं तांब्याचं भांडं आहे, दर खेपेला साधारण पाच किलो ताजा गवती चहा घालता आणि हाती आठ-नऊ मिलि तेल येतं. ते गढूळ असतं, रंगाने तपकिरी असतं आणि लिंबाच्या वासामागे करपल्यासारखं काहीतरी येतं. आता हे तेल ‘रिफाइन’ कसं करायचं, आणि याच भांड्यात पुढे वाळ्याचं तेल निघेल का, हे तुम्हाला हवंय. आधी दोघांनी उपाय सुचवलेत: एक म्हणतात हेक्झेनने (पेट्रोलसारखा झटकन पेटणारा द्रावक) धुवा, दुसरे म्हणतात पातेल्यात मंद आचेवर तापवून पाणी उडवून टाका. माझी विनंती आहे, दोन्ही करू नका. का ते ओघात येईलच.

तुमच्या तीन तक्रारींची मुळं तीन ठिकाणी आहेत. गढूळपणा म्हणजे नुसतं पाणी. तो तेल काढल्यावरही सहज जातो. रंग बहुतेक करून लोखंडाचा किंवा हवेचा, तो बराचसा निघतो. करपट वास मात्र भट्टीवरच अडवावा लागतो. एकदा तेलात उतरला की नंतर कितीही धुवा-गाळा, पूर्ण जात नाही. म्हणून शुद्धीकरणाचं बोलण्याआधी थोडं भट्टीचं बोलतो.

पाणी आणि तेल एकत्र असताना दोघांच्या वाफेचा दाब एकत्र मोजला जातो, म्हणून मिश्रण शंभर अंशांच्या किंचित खालीच उकळतं. सिट्रल, म्हणजे ज्यामुळे गवती चहाला लिंबाचा वास येतो ते द्रव्य, एकटं उकळवायचं तर २२९ अंशांपर्यंत जावं लागतं आणि तोवर ते खराब होऊ लागतं. वाफेसोबत तेच शंभरच्या आत निघून येतं. ही सगळी खटपट त्यासाठी. पण गवत भांड्याच्या तळाला टेकलं असेल तर तळाचा पत्रा काही शंभर अंशांवर थांबत नाही. तिथे पात करपते आणि तिचा धूर तेलात येतो. तुम्ही गवत पाण्यात बुडवून उकळता असं लिहिलंय, दोष तिथेच आहे. तळापासून चार-पाच इंचांवर स्टीलची जाळी बसवा, पाणी जाळीच्या खाली, गवत वर. सात-आठ लिटर पाणी घाला आणि ते कधीही पूर्ण आटू देऊ नका. शेवटच्या लिटरभर पाण्यात गवताचा सगळा चिकट रस उतरलेला असतो, तो तळाला लागला की पुढच्या दोन खेपांनाही तोच वास येतो.

आता प्रमाण. आपल्या परसात असतो तो गवती चहा बहुधा सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. ताज्या गवताच्या वजनाच्या ०.२ ते ०.४ टक्के तेल त्यातून मिळतं. पाच किलोला दहा ते वीस ग्रॅम, म्हणजे साधारण अकरा ते बावीस मिलि, कारण हे तेल पाण्याहून हलकं आहे. तुम्हाला आठ-नऊ मिळतंय, तेव्हा चोरी कुठेतरी होतेय. भर पावसातलं गवत पाणचट असतं, त्यात तेलाची टक्केवारी उतरते, हे एक. गवत कापल्यावर दिवसभर सावलीत सुकू द्या. पाणी कमी होतं, तेल फारसं जात नाही आणि भांड्यात जास्त माल बसतो. मग दोन-तीन इंचांचे तुकडे करून लगेच भरा. लांब पात तशीच कोंबली की वाफ एखादी पोकळी शोधून तिथूनच वर जाते आणि बाकीचं गवत नुसतं गरम होतं. भरताना हाताने हलकं दाबा, ठासू नका.

कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करून तिचं पाणी करणारी नळी, तिच्याभोवतीचं गार पाणी हे दुसरं कारण. बादलीत कूलरचा पंप टाकून तेच पाणी फिरवत असाल, तर एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात ते कोमट होतं आणि नळीतून उतरणारं तेल-पाणी हाताला चटका देण्याइतकं गरम येतं. तेल तिथेच हवेत उडतं. खोलीभर सुंदर वास सुटला की लोक खूश होतात, पण तो वास म्हणजे बाटलीत न आलेलं तेल. बर्फ टाका, नाहीतर मोठं पिंप घ्या. नळीतून बाहेर येणारं तेल-पाणी कोमट, पस्तीस अंशांच्या आसपास असावं. आच अशी ठेवा की तासाला दीड-दोन लिटर पाणी उतरेल. बहुतेक तेल पहिल्या तासात येतं, दोन तासांनंतर गॅस जाळण्यात अर्थ नाही.

(जाता जाता: अंगणात भट्टी दिसली की शेजारी वेगळंच समजतात. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि आजही लागू आहे, तेव्हा या भांड्यात मोहाची फुलं किंवा गूळ घालून ‘प्रयोग’ करायला जाऊ नका. गवत उकळताय हे दिसू द्या, लोकांना बोलावून दाखवा.)

आता हाती आलेल्या तेलाचं. पहिली पायरी काहीच न करण्याची. तेल-पाणी सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेलं काचेचं नरसाळं) घालून रात्रभर ठेवा. अडीचशे मिलिचा काचेचा फनेल प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतो, त्यात कंजूषी करू नका. प्लॅस्टिकच्या सिरिंजने वरचं तेल ओढायचा मोह होतो, पण सिट्रल रबराचा दट्ट्या फुगवतं आणि दोन-तीन वापरांत तो अडकतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचंही तेच.

खालचं दुधट पाणी फेकू नका. ते दुधट दिसतं कारण त्यात तेलाचे बारीक थेंब अडकलेले असतात. पुढच्या खेपेला ताज्या पाण्याऐवजी तेच भांड्यात ओता, अडकलेलं तेल वाफेबरोबर पुन्हा वर येईल. कनौजचे अत्तरवालेही देगमधून (उकळायचं भांडं) भपक्यात (वाफ गोळा करायचं भांडं) उतरलेलं पाणी असंच परत देगमध्ये घालतात. फक्त तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवत राहू नका, शिळा वास धरतं.

वेगळं झालेलं तेल अजून गढूळ असेल तर ते फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. पाण्याचा बर्फ होऊन तळाला आणि काचेला चिकटतो, तेल पातळ राहतं. थंडगार असतानाच दुसऱ्या कोरड्या बाटलीत ओतून घ्या. एवढ्याने नव्वद टक्के काम होतं. उरलेल्यासाठी निर्जल सोडियम सल्फेट, म्हणजे पाणी शोषून घेणारी पावडर. आधी तेलाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के घालून हलवा. पाणी असेल तर पावडरीचे गोळे होतात. मग आणखी चिमूट टाका. ती रेतीसारखी मोकळी फिरत राहिली की तेल कोरडं झालं. अर्धा तास ठेवून फिल्टर पेपरमधून गाळा. साध्या मिठाने हे होत नाही. मीठ दुधट पाण्यात घातलं तर त्यातलं तेल वर ढकललं जातं, तेवढा त्याचा उपयोग. आणि असं खारं पाणी परत तांब्याच्या भांड्यात घालायचं नाही.

पातेल्यात तापवून पाणी उडवणं का नको, ते आता लक्षात आलं असेल. पाण्याच्या वाफेबरोबर तेलही जाणार, त्यासाठीच तर भट्टी लावली होती. उघड्या भांड्यात उरेल ते काळपट आणि चिकट.

हेक्झेनबद्दल जरा कडक बोलतो. त्याचा ज्वलनबिंदू उणे बावीस अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कुठल्याही ऋतूत त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते आणि शेजारच्या खोलीतला फ्रिज चालू होतानाची ठिणगी तिला पुरते. शिवाय वाफेने काढलेल्या तेलात हेक्झेनने धुण्यासारखं काही नसतंच, तेल स्वतःच त्यात विरघळतं. हे खूळ परदेशातल्या व्हिडिओंतून आलंय. तिथे लोक घरात ब्युटेन वापरून गांजाचा अर्क काढतात, आणि अमेरिकेत त्यातून घरं उडाली आहेत, माणसं भाजली आहेत. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला तरी घरी असल्या ज्वालाग्राही द्रावकांनी अर्क काढायला मनाईच ठेवली. आपल्याकडे तर १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली तो अर्क काढणं हाच गुन्हा. गवती चहावाल्यांनी त्या व्हिडिओंतून काही उचलण्यासारखं नाही.

रंगाकडे वळू. स्वच्छ तेल पिवळं ते गडद पिवळं असतं, थोडी लालसर झाक चालते. तपकिरी असेल तर लोखंड शोधा. भांडं तांब्याचं असलं तरी आतली जाळी, नट-बोल्ट, झाकणाची कडी यांतलं काहीतरी साध्या लोखंडाचं असतं. गंजावरून गेलेली वाफ तेल काळवंडवते. ते भाग स्टीलचे करा. लवंगेच्या किंवा पचौलीच्या तेलाचा असा रंग सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने धुऊन काढतात, पण गवती चहाला तो उपाय लावू नका, आम्लात सिट्रल मोडतं. खरं सांगायचं तर या तेलासाठी भांडंच स्टीलचं बरं. तांब्याचं भांडं फोटोत छान दिसतं, एवढंच.

साठलेलं तपकिरी तेल सुधारायचा एक सरळ मार्ग आहे. चार-पाच खेपांचं तेल एकत्र करा, त्याच्या आठ-दहा पट पाण्याबरोबर लहान काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घालून पुन्हा वाफेने काढा. फिकट पिवळं तेल उतरतं, आणि मागे काकवीसारखा गडद चिकटा राहतो. थोडी तूट येते, ती धरून चाला. करपट वासही यात कमी होतो, जात नाही. तेवढं तेल फरशी पुसायच्या पाण्यासाठी ठेवा.

साठवणीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. हवा, ऊन आणि उष्णता, तिन्हींनी सिट्रल बिघडतं. बाटली तपकिरी काचेची, गळ्यापर्यंत भरलेली. शंभर मिलिच्या बाटलीत वीस मिलि तेल ठेवलं की उरलेली हवा त्याचा समाचार घेते. आपल्या परसातल्या जातीच्या तेलात मायर्सीन नावाचं आणखी एक द्रव्य बरंच असतं, ते जुनं झालं की घट्ट होत जातं. म्हणून सहा महिन्यांनी तेल जाडसर वाटलं तर कोणी भेसळ केली असं समजू नका. विकायच्या बेताने लागवड वाढवणार असाल तर मात्र जात बदला. केरळमधल्या ओडक्कालीच्या केंद्राची ओडी-१९ किंवा लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेची कृष्णा घ्या, त्यांत सिट्रल भरपूर असतं. गिऱ्हाईक सिट्रलच्या टक्क्यावर भाव करतं, तुमच्या मेहनतीवर नाही. तपासणी कनौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रात करून मिळते.

अंगाला लावायचं असेल तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक टक्क्याच्या आत. निव्वळ तेल कातडीला झोंबतं आणि काहींना त्याची कायमची अ‍ॅलर्जी बसते.

राहिला वाळा. भांडं तेच चालेल, सवयी मात्र बदलाव्या लागतील. मुळं धुऊन बारीक तोडा आणि भिजत घाला. दोन तासांत काही हाती येणार नाही. सोळा-अठरा तास भट्टी चालते, त्याहून जास्तही, आणि मध्ये मध्ये पाणी घालत राहावं लागतं. वाळ्याचं तेल जवळपास पाण्याइतकंच जड असतं, त्यामुळे काही वर तरंगतं, काही तळाला बसतं आणि काही मध्येच लोंबकळत राहतं. शिवाय ते दाट असल्याने गार कंडेन्सरच्या नळीतच चिकटतं. म्हणून तिथे बर्फ घालायचा नाही, उतरणारं पाणी चांगलं गरम येऊ द्यायचं. पाच किलो मुळांच्या एका खेपेसाठी सिलिंडरचा हिशोब आधी मांडून बघा. तुमच्या जागी मी असतो तर मुळं विकत न घेता, बांधावर लावलेली दीड वर्षाची झाल्यावरच हा खेळ मांडला असता.